नखाएवढा पेन ड्राइव्ह आणि दुसऱ्यांचे कागद

माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात चार वस्तू आहेत. घराची किल्ली, मोटारसायकलची किल्ली, कपाटाची किल्ली आणि एक पेन ड्राइव्ह. ही चौथी वस्तू इतकी लहान आहे की बघणाऱ्याला ते किचेनचं लटकन वाटतं. आपल्या नेहमीच्या यूएसबीचं धातूचं तोंड १२ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर जाड असतं. हे माप ठरलेलं आहे. माझ्या पेन ड्राइव्हला त्या तोंडामागे नखाएवढं प्लास्टिक आहे आणि दोरा ओवायला एक भोक. संगणकाला लावला की बाहेर काळ्या बटणाएवढा ठिपका दिसतो. मावतं मात्र ३२ जीबी. म्हणजे आमच्या कॉलेजच्या दिवसांतल्या १.४४ एमबीच्या बावीस हजार फ्लॉपी.

सहा वर्षांपासून तो रोज माझ्याबरोबर आहे. किल्ल्यांना मात्र तो अलीकडे बांधला. आधी पाकिटातल्या सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात असायचा. तो तिथून इथं कसा आला, ते सांगण्यासाठी हा लेख लिहितोय.

मी सोलापुरात राहतो. लेखन आणि भाषांतर हा पोटापाण्याचा उद्योग. त्याशिवाय मोहल्ल्यातल्या लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डातली नावाची दुरुस्ती, पासपोर्ट. पैसे घेत नाही, त्यामुळे गर्दी बरी असते. लोक कागद आणतात, मी ते स्कॅन करतो, ठरलेल्या वजनाची फाइल बनवतो, अपलोड करतो, पावतीची प्रिंट काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो. घरी प्रिंटर नाही. होता, पण शाईच्या खर्चानं हैराण करून गेला. तेव्हा घर ते दुकान ही फेरी रोजची, आणि या फेरीत फाइली वाहून नेण्याचं काम हा पेन ड्राइव्ह करतो.

पुतण्या मला हसतो. म्हणतो, चाचू, आता पेन ड्राइव्ह कोण वापरतं? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं, दुकानदार प्रिंट काढून देतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. दुकानाच्या काचेवर मोबाइल नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवलेलाच असतो. गिऱ्हाईक येतं, त्या नंबरवर आधार कार्ड पाठवतं, पाच-दहा रुपये देतं, प्रिंट घेऊन जातं. ते आधार कार्ड मात्र तिथंच राहतं. दुकानातल्या फोनमध्ये, त्या फोनला जोडलेल्या संगणकाच्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये. एकदा माझ्या फाइलीची वाट बघत काउंटरवर उभा असताना त्या पडद्यावर नजर गेली. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, कुणाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, कुणाचा भाडेकरार. दुकानदार वाईट माणूस नाही. त्याला ते नकोच आहे. पण पुसायला वेळ कुणाला आहे?

म्हणून माझा कल पेन ड्राइव्हकडे. वस्तू माझ्या हातात, मी लावतो, मी काढतो, काम झालं की खिशात. क्लाउडला माझा विरोध नाही. माझे स्वतःचे लेख तिथंही ठेवतो. पण परक्या संगणकावर प्रिंटसाठी आपलं ईमेल उघडायचं म्हणजे एका कागदासाठी अख्ख्या घराची किल्ली दुकानात द्यायची. घाईत लॉगआउट करायचं राहिलं, तर मागून येणाऱ्याला सगळी दारं उघडी.

आणखी एक कारण आहे, ते भाषेचं. मराठी छापखान्यांत आजही पुष्कळ काम श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत चालतं. उर्दू मजकूर इनपेजमध्ये असतो. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, तरी लग्नपत्रिका, मदरशाची पावतीपुस्तकं, मासिकांची पानं याच जुन्या फाइलींतून निघतात. अशी फाइल नुसती पाठवली आणि समोरच्याकडे तो फाँट नसला, की ‘अध्यक्ष’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चौकोन उमटतात. म्हणून माझ्या पेन ड्राइव्हमध्ये मजकुराबरोबर फाँटचं एक फोल्डर असतं, आणि शेजारी त्याच मजकुराची पीडीएफ. पीडीएफमध्ये फाँट आतच बांधलेला असतो, त्यामुळे छापखाना कुठलाही असो, अक्षर बिघडत नाही. दोन लिप्यांत काम करणाऱ्या माणसाला ही सोय किती मोठी आहे, ते त्यालाच कळेल.

इथवर वाचून वाटेल की मी पेन ड्राइव्हची जाहिरात करतोय. तसं नाही. या वस्तूचा सगळ्यात मोठा गुण तिचं लहान असणं, आणि सगळ्यात मोठा दोषही तोच. तो मला महागात पडला.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. दाखल्यांचे दिवस, दुकानात चेंगराचेंगरी. पुढचे यूएसबी खाचे भरलेले होते, म्हणून काउंटरवरच्या मुलानं माझा पेन ड्राइव्ह संगणकाच्या मागच्या बाजूला लावला. प्रिंट निघाल्या, मी पैसे दिले, घरी आलो. जुना, बोटभर लांबीचा पेन ड्राइव्ह असता तर मागे खुपसलेला दिसला असता, कुणाचा तरी हात लागला असता. हा ठिपका वायरींच्या जंगलात दिसेनासा झाला. मलाही आठवला नाही, कारण पाकीट जड किंवा हलकं झाल्याचं जाणवायला त्याला वजनच नव्हतं. रात्री लेख काढायला कप्पा उघडला, तर फक्त सुट्टे पैसे.

माझ्या लेखांची काळजी नव्हती. ते घरच्या संगणकावर होते. मला घाम फुटला तो वेगळ्याच फोल्डरच्या आठवणीनं.

तीन महिन्यांपूर्वी मोहल्ल्यातल्या एक खाला आल्या होत्या. त्यांच्या मुलीचा संसार मोडला होता, पोटगीचा दावा लावायचा होता. वकिलाला उर्दू निकाहनाम्याचं मराठी भाषांतर हवं होतं. ते मी करून दिलं. त्याबरोबर मुलीच्या दवाखान्याचे कागद, तिनं पोलिसांना दिलेला अर्ज, हे सगळंही स्कॅन करून वकिलाला पाठवलं. काम संपलं. फोल्डर पेन ड्राइव्हमध्ये तसंच राहिलं. त्याच्यावर मुलीचं नाव होतं, आणि त्याला कुलूप नव्हतं. हे मी खालांच्या आणि त्यांच्या मुलीच्या परवानगीनं लिहितोय, ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी शटरसमोर उभा होतो. मुलानं पुढून पाहिलं, मागून पाहिलं. नाही. “चाचा, काल लय गर्दी होती, कुणी नेला असेल.” तीन दिवस मी येता-जाता विचारत राहिलो. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. सापडला. मालकाचा धाकटा भाऊ संध्याकाळी दुकानावर बसतो. त्याला तो मागे लावलेला दिसला, दुकानाचाच असेल असं समजून त्यानं ड्रॉवरमध्ये टाकला आणि वापरायलाही काढला.

घरी आणून उघडला तर माझ्या सगळ्या फाइली जागेवर. शिवाय तीन फाइली माझ्या नसलेल्या. तीन अनोळखी माणसांची आधार कार्डं, पुढून मागून, रंगीत. एक बाई, एक म्हातारे गृहस्थ, एक कॉलेजातला पोरगा. मी त्या तिघांच्या तोंडाकडे बघत बसलो. त्यांना ठाऊकही नव्हतं की त्यांचा चेहरा, पत्ता आणि नंबर माझ्या टेबलावर आहे. त्या फाइली मी पुसल्या आणि दुकानात जाऊन सांगितलं. पण मनातून एक गोष्ट जाईना. त्यांचे कागद जसे माझ्यासमोर उघडले, तसे खालांच्या मुलीचे कागद त्या तीन दिवसांत कुणासमोर उघडले असतील का? त्या भावानं फोल्डरवर क्लिक केलं की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

खालांना सांगायचं की नाही, यावर मी दोन रात्री घालवल्या. वस्तू तर मिळाली होती. काही झाल्याचं दिसत नव्हतं. सांगून त्यांच्या जिवाला घोर कशाला, असं स्वतःला समजावून पाहिलं. पण ही समजूत त्यांच्या सोयीची नव्हती, माझ्या सोयीची होती. शेवटी गेलो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, “काम हो गया था ना, फिर रखा कायको?”

मला उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर एकच होतं. जागा होती म्हणून ठेवलं. ३२ जीबीमध्ये अडचण कधी होतच नाही, त्यामुळे काढून टाकायची वेळही कधी येत नाही. कागदाची फाइल असती तर कपाट भरलं असतं, धूळ साचली असती, एक दिवस कंटाळून मी ती त्यांना परत नेऊन दिली असती. पेन ड्राइव्हमध्ये कुणाचंही ओझं जाणवत नाही.

आपल्याकडे ‘अमानत’ हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. मराठीतला ‘अनामत’ त्याच शब्दाचा भाऊ. अनामत रकमेबद्दल आपण किती काटेकोर असतो! पावती घेतो, मुदत संपली की परत मागतो. पण दुसऱ्याच्या आधार कार्डाची, निकाहनाम्याची, रिपोर्टची फाइल आपल्याकडे आली, की ती अनामत आहे हे आपण विसरतो. मूळ कागद परत दिला म्हणजे सगळं परत दिलं, असं धरून चालतो. त्याची नक्कल आपल्या खिशात फिरत असते.

हे फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाकडून घडतं असं नाही. जपानमध्ये अमागासाकी नावाचं शहर आहे. २०२२च्या जूनमध्ये तिथल्या नगरपालिकेचं काम कंत्राटावर करणाऱ्या एका माणसानं शहरातल्या सगळ्या, म्हणजे सुमारे ४ लाख ६० हजार रहिवाशांची माहिती पेन ड्राइव्हवर घेतली. नावं, पत्ते, जन्मतारखा, कराचे तपशील. काम झालं, पण माहिती पुसली नाही. पेन ड्राइव्ह पिशवीत ठेवून तो दारू प्यायला गेला, रस्त्यावरच झोपला, जागा झाला तेव्हा पिशवी नव्हती. पुढं ती सापडली. माहितीला कुलूप होतं, म्हणून शहर थोडक्यात वाचलं. पण पत्रकार परिषदेत अधिकाऱ्यांनी लोकांना धीर देताना पासवर्ड १३ अक्षर-अंकांचा आहे हेही सांगून टाकलं, आणि लोकांनी लगेच शहराचं नाव आणि साल जोडून मोजून पाहिलं. बरोबर १३ भरतात!

दुसरी गोष्ट लंडनची. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये हीथ्रो विमानतळाचा एक पेन ड्राइव्ह रस्त्यावर एका माणसाला सापडला. त्यानं तो वाचनालयातल्या संगणकाला लावून पाहिला. हजाराहून जास्त फाइली, पासवर्ड नाही. तो एका वृत्तपत्राकडे पोचला आणि पुढच्या वर्षी विमानतळाला १ लाख २० हजार पौंड दंड झाला. दोन्ही घटनांत वस्तू तीच आणि विसराळूपणाही तोच. फरक कुलपाचा. आणि अमागासाकीच्या त्या माणसाला खालांचा प्रश्न कुणी वेळेवर विचारला असता, तर कुलपाचीही परीक्षा झाली नसती.

सापडलेला पेन ड्राइव्ह लोक उघडून बघतातच, हे तर तपासूनही झालं आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी मुद्दाम २९७ पेन ड्राइव्ह टाकून ठेवले. निदान ४५ टक्के उघडले गेले. पहिला तर सहा मिनिटांच्या आत. उघडणारे सगळे चोर नव्हते. बऱ्याच जणांना मालक शोधून तो परत करायचा होता. म्हणजे भल्या माणसाच्या हाती लागला, तरी तो उघडला जाणार हे धरून चालावं. उलटही लक्षात ठेवावं. रस्त्यात सापडलेला पेन ड्राइव्ह आपल्या संगणकाला लावू नये. त्यात काय भरलंय आणि कशासाठी टाकलाय, ते आपल्याला ठाऊक नसतं.

या प्रकारानंतर मी काही सवयी लावून घेतल्या. त्या सांगतो, कारण त्यांना खर्च जवळजवळ नाही.

पहिली, पेन ड्राइव्ह किल्ल्यांना बांधला. त्या दिवशी तो मोटारसायकलच्या किल्लीबरोबर असता, तर मी दुकानातून हलूच शकलो नसतो. लहान वस्तू मोठ्या, रोज लागणाऱ्या वस्तूला बांधावी.

दुसरी, दुकानासाठी वेगळा पेन ड्राइव्ह. स्वस्तातला, रिकामा. त्यात त्या दिवशी प्रिंट करायची फाइल सोडून काहीही नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकाला दिवसभरात किती जणांचे पेन ड्राइव्ह लागतात, ते बघा. फोल्डरचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस आपल्यापैकी कितीतरी जणांनी तिथूनच घरी आणलाय. रिकामा पेन ड्राइव्ह घरी येऊन सरळ फॉरमॅट करता येतो, जीव अडकत नाही.

तिसरी, मुख्य पेन ड्राइव्हमध्ये लोकांचे कागद कुलपात. व्हेराक्रिप्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते पेन ड्राइव्हमध्ये एक मोठी फाइल बनवतं, आणि पासवर्ड दिल्यावर ती फाइल वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते. घरच्या संगणकावर मी ती उघडतो. परक्या संगणकावर उघडत नाही, आणि तेच बरं आहे. नुसतं डिलीट करण्यावर विश्वास ठेवू नका. डिलीट केल्यावर फाइलीचं नाव यादीतून जातं, आतला मजकूर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत राहू शकतो, आणि तो परत काढणारी सॉफ्टवेअर कुणालाही मिळतात. म्हणून कागद आधी उघडा ठेवून नंतर पुसण्यापेक्षा पहिल्यापासून कुलपातच ठेवावा.

चौथी, एकमेव प्रत पेन ड्राइव्हमध्ये कधीही नाही. त्याच्या आत फिरणारं काही नसतं, त्यामुळे तो दगडासारखा टिकेल असं वाटतं. प्रत्यक्षात आतल्या सूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार अडकवून माहिती ठेवलेली असते. लिहिणं-पुसणं जितकं जास्त, तितके ते कप्पे झिजतात. आणि पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं पडून राहिला, तर तो भार हळूहळू गळतो. उष्णतेत आणखी लवकर. नखाएवढ्या पेन ड्राइव्हला तर मोठी फाइल टाकताना चटका बसावा इतकी धग येते, कारण ती बाहेर टाकायला अंगच नाही. त्यात आमचं सोलापूर, मे महिन्यात चाळिशी ओलांडणारं. माझ्या आजोबांचं घराचं खरेदीखत १९६३चं आहे. घड्या फाटल्यात, कडा पिवळ्या पडल्यात, पण अक्षर न् अक्षर वाचता येतं. साठ वर्षांनी माझा पेन ड्राइव्ह वाचता येईल, असं मी नातवंडांना सांगणार नाही. लोकांनी घरातले जुने कागद स्कॅन करून ठेवावेत, जरूर ठेवावेत, पण दोन-तीन ठिकाणी. आणि ‘आता पेन ड्राइव्हमध्ये आहे’ म्हणून मूळ कागद टाकून देऊ नये.

पाचवी सवय खालांची. काम झालं की फोल्डर बंद. माणसाला विचारायचं, तुमच्याकडे प्रत आहे ना? असेल तर माझ्याकडची जाते. नसेल तर आधी त्यांना देतो, मग जाते. रमजानच्या आधी एक आणि शाळा सुरू व्हायच्या आधी एक, अशी वर्षातून दोनदा सगळी झडतीही घेतो. दर वेळी कुणाचा ना कुणाचा विसरलेला दाखला निघतोच.

पुतण्याला माझं अजून पटलेलं नाही. नव्या लॅपटॉपना तर आपलं नेहमीचं यूएसबीचं तोंडही नसतं, हे तो मला मुद्दाम दाखवतो. उद्या हा पेन ड्राइव्ह फ्लॉपीच्या वाटेनं जाईल, मान्य. पण फाइल ठेवायची जागा बदलली, म्हणून ठेवणाऱ्याची जबाबदारी बदलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कागद घेणारा दुकानदार, सोसायटीच्या ग्रुपवर भाडेकरूचं आधार टाकणारा सेक्रेटरी, वर्गातल्या मुलांचे दाखले फोनमध्ये घेऊन फिरणारे शिक्षक, आणि मी. आपल्या सगळ्यांच्या खिशात दुसऱ्यांचे कागद आहेत. किती आहेत, ते एकदा उघडून बघायला हवं.

गेल्या जूनमध्ये खाला पुन्हा आल्या. नातवाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज होता. मला वाटलं होतं, त्या आता माझ्याकडे येणार नाहीत. अर्ज भरला, पावती निघाली, पण त्या उठेनात. चहा झाला तरी उठेनात. मग म्हणाल्या, “अब मेरे सामने निकाल.” मी संगणक त्यांच्याकडे वळवला, नातवाचं फोल्डर दाखवलं आणि काढून टाकलं. त्यांनी चष्मा पुसून पडद्याकडे नीट पाहिलं, मूळ कागद पिशवीत मोजून ठेवले आणि मगच चपला घातल्या.